कोचीची बेटे आणि खाऱ्या पाण्यातले भात

आपल्या घरांत प्रवासाला निमित्ते मोजकीच असतात. देवदर्शन, लग्नकार्य, आणि नाइलाज झाला तर तालुक्याचा दवाखाना. नुसते बघायला म्हणून कोणी उठून निघाले, तर चावडीवर दोन दिवस तोच विषय चालतो. त्यात पन्नाशी उलटलेला माणूस पाठीवर पिशवी बांधून कॉलेजच्या पोरासारखा निघाला तर विचारायलाच नको. माझी नोकरी कृषी विस्तार अधिकाऱ्याची. तीस वर्षे लोकांना "दुसऱ्याचे शेत बघून या" असे सांगत आलो. शिवारफेरी, अभ्यासदौरा, प्रात्यक्षिक हे शब्द माझ्या तोंडी बसलेले. तेव्हा गेल्या दिवाळीनंतर स्वतःच्या खर्चाने एक लांबची शिवारफेरी काढली. चार दिवसांत जे पाहिले ते तुम्हाला सांगतो. जमल्यास तुम्हीही जा. खर्च फार नाही.

गाव निवडले कोची. केरळातले हे शहर कोकण रेल्वेच्या गाडीने गेल्यास पनवेलपासून साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते. साध्या शयनयानाचे तिकीट माणशी हजार रुपयांच्या आत येते. मात्र दिवाळीच्या सुमारास आरक्षण लवकर करावे, कारण मुंबईत राहणारे मल्याळी लोक त्याच गाड्यांनी गावी जातात. आम्ही चौघे होतो. मी, सौ., माझे थोरले चुलतबंधू आणि वहिनी. बंधूंना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सामान म्हणाल तर माणशी एक पिशवी. तीत दोन जोड कपडे, चादर, पंचा, छत्री, चिवड्याचा डबा आणि पाण्याची बाटली. छत्री नोव्हेंबरात कशाला, असे वहिनी म्हणत होत्या. पण तिकडे आपला पाऊस संपला की परतीचा दुसरा पाऊस येतो. दुपारपर्यंत ऊन आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट. छत्री रोज कामाला आली.

कोचीला शहर म्हणतात, पण खरे तर ती बेटांची माळ आहे. वेंबनाड नावाचे लांबलचक खाजण समुद्राला समांतर पसरले आहे. त्याला तिकडे कायल म्हणतात. त्यात नद्या उतरतात आणि समुद्राची भरती आत शिरते. या पाण्यात बेटे आहेत. वायपिन हे लांब आणि चिंचोळे, वल्लारपाडम लहान, त्यांच्यामागे आणखी कितीतरी छोटी. मुख्य भूमीवर एर्नाकुलम, तिथे रेल्वे उतरवते. समोर पाण्यापलीकडे जुने फोर्ट कोची आणि मट्टनचेरी. ही वेगवेगळी गावे जोडून १९६७ मध्ये एक महानगरपालिका झाली. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, जुने बंदर गाळाने भरले आणि इथे समुद्राला नवे तोंड फुटले, असे इतिहासकार मानतात. वायपिन बेटही त्याच गाळाचे, असे तिथले लोक सांगतात. नदी एकीकडचे नेते आणि दुसरीकडे आणून टाकते, हे आपल्याला काही नवीन नाही.

मधले विलिंग्डन बेट मात्र माणसाने केलेले आहे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअराने बंदरासाठी खाडी खोल केली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आडवा होता. तो कापला आणि १९२८ मध्ये मोठी जहाजे आत येऊ लागली. उपसलेला गाळ टाकून टाकून हे बेट झाले. त्यावर आज बंदराच्या कचेऱ्या, गोदामे आणि रेल्वेचे रूळ आहेत. अण्णा बोटीतून ते बेट बराच वेळ न्याहाळत होते. "एवढा गाळ यांनी मुद्दाम टाकला, आणि आपल्याकडे बांधाला चार बोटी चिखल मिळत नाही," असे म्हणाले. त्यांच्या या बोलण्याला कारण होते.

आम्ही खारेपाटातले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेण-अलिबागकडची ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. बाहेरून मातीचा बांध आणि त्यात उघाडी. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते, भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. बांध शाबूत तोवर भात होते. अण्णांची दीड एकर खार जमीन अशाच बांधाआड आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी बांधाला खांड पडले. दुरुस्तीचा अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला. तोवर शेतात खारे पाणी खेळू लागले आणि कडेला खारफुटीची रोपे दिसू लागली. खारफुटी एकदा वाढली की २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती तोडता येत नाही. ती जमीन मग शेतीची राहत नाही. एक दलाल जमिनी गोळा करीत फिरत होता. त्याने अण्णांना संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. बांधाआड अकरा खातेदार आहेत, पैकी तिघांनी विसार घेतला होता. अण्णांना मी कोचीला आणले ते देखावे दाखवायला नव्हे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. मात्र निघताना त्यांना तसे सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते आलेच नसते.

पहिले दोन दिवस मात्र आम्ही शहरच पाहिले. फोर्ट कोचीच्या गल्ल्यांत पुष्कळ घरांतून पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. रस्त्यावर दिसते त्या पहिल्याच घरी न थांबता दोन गल्ल्या आत जावे, भाव निम्म्याने उतरतो. आम्हाला एका विधवा ख्रिस्ती बाईंच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. बाईंना हिंदी येत नव्हते, आमच्या सौ.ना मल्याळम येत नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी दोघी नारळ खवण्याच्या विळीवरून बोलत बसल्या होत्या. काय बोलल्या ते देवाला ठाऊक. फिरायला बोटी आहेत. सरकारी जुन्या बोटीचे भाडे चहापेक्षाही कमी. २०२३ पासून बॅटरीवर चालणाऱ्या नव्या बोटीही सुरू झाल्या आहेत, त्यांना जलमेट्रो म्हणतात. भाडे वीस ते चाळीस रुपये. आत गार वाटते, आवाज नाही, आणि पाणी खिडकीच्या काचेपाशी. लहान मुले बरोबर असतील तर एकदा जलमेट्रोने न्यावे. एरवी जुनी बोट बरी. तीत भाजीच्या टोपल्या असतात, कोळणी असतात, शाळेची पोरे असतात.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. चित्रांत पाहिली असतील. सागवान आणि बांबूचा भला मोठा सांगाडा, त्याला टोकाशी जाळे, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले धोंडे. चार-सहा माणसे दोर ओढतात, धोंड्यांच्या वजनाने जाळे वर येते. आपल्या जुन्या मोटेची किंवा ओकतीची आठवण व्हावी असे यंत्र. एकेक वेळी ओंजळभर मासळी निघते. आम्ही अर्धा तास उभे होतो, त्या वेळात निघालेली मासळी एका कुटुंबाच्या जेवणाला पुरली असती, विक्रीला नव्हे. मग तिथला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दोर ओढायला बोलावतो आणि दहा-वीस रुपये मागतो. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मला तसे वाटले नाही. जाळे जपायला लाकूड लागते, दोर लागतो, आणि मासळीतून ते सुटत नाही. किनाऱ्याच्या पाण्यात जलपर्णीचे, म्हणजे केंदाळाचे, ढीगच्या ढीग तरंगत होते. पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याबरोबर ती वाहत येते आणि उन्हाळ्याकडे पाणी खारे झाले की मरते. जाळ्यात मासळीपेक्षा तीच जास्त येत होती.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधले. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला आधी इथेच पुरले होते. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, १७९५ मध्ये इंग्रजांनी. हे सगळे कशासाठी, तर मिरीसाठी. मट्टनचेरीच्या बाजाररस्त्यावर अजून मसाल्याची जुनी गोदामे आहेत. सुंठ, मिरी, वेलदोडा, जायफळ. वास असा की सर्दी असलेल्याचे नाक मोकळे व्हावे. मात्र रिक्षावाला ज्या दुकानात नेईल तिथून मसाला घेऊ नये, त्याचे कमिशन तुमच्या पुड्यात असते. गोदामांच्या ओळीत किरकोळ विकणारी साधी दुकाने आहेत, तिथे मिरी मूठभर हातावर घेऊन बघता येते. वजनदार, काळीभोर, सुरकुतलेली आणि दाबली तर न फुटणारी घ्यावी. पोकळ दाणा बोटात चिरडतो.

मट्टनचेरीत एक गोष्ट माहीत नसल्यास डोळ्यांसमोरून निघून जाईल. इथे कोकणी बोलणारी पुष्कळ घरे आहेत. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेले गौड सारस्वत सोळाव्या शतकात इथे स्थिरावले. त्यांचे तिरुमल देवस्थान आहे, आसपास त्यांची दुकाने आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदाराला आमचे मराठी ऐकू गेले आणि तो उठून बाहेर आला. त्याची कोकणी आम्हाला अर्धी कळत होती, आमची खारेपाटी बोली त्याला अर्धी. पण मीठ, तांदूळ, उदक, नारळ असे शब्द सापडत गेले आणि वहिनींना माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. त्याच लोकांतल्या तीन वैद्यांनी, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट यांनी, शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असावे असे एक काम केले आहे. डचांचा इथला अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती इट्टी अच्युदन नावाच्या मल्याळी वैद्याने आणि या तिघांनी दिली. तिघांनी दिलेला १६७५ चा दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. आम्ही बी. एस्सी.ला वनस्पतींची लॅटिन नावे घोकली, त्यांतल्या कित्येकांमागे हे असे गावठी वैद्य उभे आहेत, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

खाण्याचे सांगायलाच हवे. केरळात कुडुंबश्री नावाची बायकांच्या बचतगटांची चळवळ १९९८ पासून आहे. त्यांच्या खानावळी जागोजाग दिसतात. तिथे जेवावे. लाल, जाड, उकडा भात, सांबार, एखादी नारळ घातलेली भाजी, आणि हवी असल्यास तारलीची आमटी. भात पहिल्या दिवशी अण्णांना गिळवेना, तिसऱ्या दिवशी मागून घेऊ लागले. पिण्याचे पाणी गुलाबी येते. घाबरू नये. त्यात पतंगाचे लाकूड उकळलेले असते. सकाळी पुट्टू मिळते, तांदळाच्या पिठाचे आणि नारळाचे वाफवलेले नळकांडे, बरोबर काळ्या हरभऱ्याची उसळ. शेतात कामाला जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पुरेल असे अन्न आहे. चहा मात्र फार गोड.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटले, आज शहर नको, जरा गावाकडे जाऊ. एर्नाकुलमच्या उत्तरेला कडमकुडी म्हणून बेटांचा समूह आहे. बसने जाता येते, पुढे थोडे पायी. शहर मागे पडते आणि एकदम दोन्ही बाजूंना पाणी, मधून अरुंद रस्ता, नारळाच्या रांगा. वळणावर अण्णा थांबले. समोर मातीचा बांध, बांधात लाकडी फळ्यांची उघाडी, आत पाण्यात उभे पिकलेले भात. "अरे, हे तर आपलंच खार आहे!" एवढेच बोलले आणि बांधावर उतरले.

या भाताला पोक्काळी म्हणतात. पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये, विषूचा सण झाला की शेतातले पाणी ओहोटीला सोडून देतात आणि बांध सावरतात. मग शेतातल्याच चिखलाचे गुडघाभर उंचीचे उंचवटे करतात आणि ते उन्हात वाळू देतात. जूनचा पाऊस या उंचवट्यांवरचे मीठ धुऊन खाली आणतो आणि खालचे खारट पाणी उघाडीतून बाहेर जाते. उंचवट्याच्या माथ्यावर मोड आलेले बी टाकतात. महिनाभराने रोपे वर आली आणि शेतातले पाणी गोडे झाले की कुदळीने उंचवटे फोडतात आणि रोपांसकट मातीचे तुकडे आजूबाजूला पसरतात. झाली लावणी. खत नाही, औषध नाही. ताट कमरेच्या वर, कधी माणसाच्या उंचीचे होते. पाणी वाढले की ते वाढते. मुळे चिखलात, कणीस पाण्याबाहेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून वरची कणसेच कापतात आणि लहान होडीत टाकतात. ताटाचा बुडखा पाण्यात राहतो.

खरी गंमत पुढे आहे. १५ नोव्हेंबरपासून १४ एप्रिलपर्यंत त्याच शेतात कोळंबी. उघाडी भरतीला उघडतात, तिच्याशी रात्री दिवा टांगतात, दिव्याच्या ओढीने कोळंबीची पिल्ले पाण्याबरोबर आत येतात. कुजणारे ताट हे त्यांचे खाद्य. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांना, ओहोटी सुरू झाली की उघाडीला जाळे लावतात आणि वाढलेली कोळंबी धरतात. तिची विष्ठा शेतात राहते, ते पुढच्या भाताचे खत. भात कोळंबीला जेवू घालते, कोळंबी भाताला. पोक्काळी तांदळाला २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोचीतच व्यट्टिला येथे केरळ कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे, तिथून व्यट्टिला मालिकेतल्या जाती निघाल्या. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनेही खार सोसणाऱ्या नव्या जाती पैदा करताना पोक्काळीचाच गुण उचलला. जगाच्या पाठीवर खाऱ्या जमिनीत जे सुधारलेले भात पिकते, त्यातल्या पुष्कळांच्या अंगात या चिखलाचे रक्त आहे.

हे झाले पुस्तकातले. बांधावर जे ऐकले ते निराळे. एका शेताचे मालक कापणीवर उभे होते. साठीचे गृहस्थ, अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत मुंडू. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते, तिला हिंदी चांगले येत होते, तिने मध्यस्थी केली. अण्णांनी आपल्या सवयीप्रमाणे सरळच विचारले, "भातात किती सुटतं?" मालक हसले. काहीच नाही, म्हणाले. उतारा हेक्टरी पंधरा-वीस क्विंटलच्या आसपास. एवढ्या पाण्यात यंत्र चालत नाही. कापायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी मोठी. जांभळ्या पाणकोंबड्यांचे थवे येऊन ताटे मोडतात. पैसा कोळंबीत आहे. मग भात कशाला करता, अण्णांनी विचारले. त्यांचे उत्तर मुलीने दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले नाही. भात नाही केले तर शेत बारा महिने खारे राहते, चिखल आंबतो, कोळंबीला रोग येतो. भाताचा एक हंगाम म्हणजे शेताची आंघोळ.

मग त्यांनी शेजारची खाचरे दाखवली. तिथे भात नव्हते, नुसते काळे पाणी. त्या मालकांनी भात सोडून वर्षभर कोळंबी ठेवली आहे. पूर्वी या भागात हजारो हेक्टरांवर पोक्काळी होत असे, आता त्यातल्या थोड्याच भागात होते. कायद्याने एक हंगाम भात आणि एक हंगाम मासळी असा दंडक आहे, पण पेरणी झालीच नाही तर कोण काय करणार? आणि यात एक पेच आहे, तो खारेपाटातल्या माणसाला लगेच समजतो. बांध आणि उघाडी ही साऱ्यांची मिळून असते. तिकडे अशा बांधाआडच्या शेतकऱ्यांचा एक गट असतो, त्याला पाडशेखरम म्हणतात. गटातल्या काहींनी खारे पाणी आत ठेवायचे ठरवले की उरलेल्यांना गोडे पाणी मिळत नाही. एकट्याने भात करता येत नाही. "आमच्या गटात किती जण टिकले ते विचारू नका," असे मालक म्हणाले. अण्णांनीही विचारले नाही.

परतताना त्या मुलीने आम्हाला आपले घर दाखवले. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत भिंतीचा गिलावा मिठाने फुगून गळला होता. अलीकडे उधाणाचे पाणी अंगणातच नव्हे तर घरात येते. काही शेजाऱ्यांनी जोते उचलून घेतले, काही घरे सोडून गेले. वायपिनसारख्या बेटांवरही हेच ऐकले, आणि चारी बाजूंनी पाणी असून पिण्याच्या पाण्यासाठी तिथल्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन रस्ते अडवल्याचेही. वायपिनला २००४ मध्ये पूल झाला, तोवर आजारी माणसालाही होडीनेच शहरात न्यावे लागे. पूल झाला आणि जमिनीचे भाव चढले. मालकांना रोज कोणी ना कोणी विचारायला येते. "मग तुम्ही?" वहिनींनी विचारले. मुलीने बापाला न विचारता स्वतःच उत्तर दिले. बाबा आहेत तोवर नाही, म्हणाली. त्यापुढे काय, ते तिने सांगितले नाही.

रात्री खोलीच्या ओसरीवर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली. पोक्काळीचे बी आपल्याकडे आणता येईल का? मी म्हटले, घाई नको. आपला पाऊस वेगळा, चिखल वेगळा, आणि आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, २, ३ या जाती आहेतच. त्याआधी आपले आजे-पणजे राता भात करीत, ते तांबडे आणि चिवट. बियाण्याचा प्रश्न शेवटचा. आधी खांड. उघाडीची फळी बदलायला किती पैसे लागतील, हे त्यांनी विचारले. जुन्या काळी बांधाचा खर्च आणि अंगमेहनत खातेदारांत वाटून घेत, त्याचा हिशेब आजोबांच्या वहीत असेल, हेही त्यांनाच आठवले. कोळंबीचे विचारले. त्यावर मी सांगितले की तेवढ्यासाठी मत्स्य विभागाची परवानगी पाहावी लागेल, आणि खारफुटी वाढलेल्या तुकड्याला हात लावता येणार नाही, तो सोडूनच आखणी करावी लागेल. दलालाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

चौथा दिवस मोकळा ठेवला होता. सौ. आणि वहिनींनी मट्टनचेरीचा डच राजवाडा पाहिला. तो बांधला पोर्तुगीजांनी आणि दुरुस्त केला डचांनी. भिंतींवर रामायणाची मोठी चित्रे आहेत, ती निवांत पाहावीत. जवळच १५६८ मधले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. शुक्रवारी-शनिवारी जाऊ नये, बंद असते. अण्णा मात्र पुन्हा कडमकुडीला जायचे म्हणाले आणि एकटे गेले. भाषा येत नसताना एकटे गेले हे ऐकून वहिनी काळजीत पडल्या. संध्याकाळी चिखलाने माखलेले पाय घेऊन परतले. दिवसभर त्या मालकांच्या उघाडीवर बसले होते. फळ्या कशा बसवतात, खाली चर किती, कडेला माती धरायला काय घालतात, हे त्यांनी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढून आणले. चित्र बरे होते. मापे वितीत आणि हातात घेतलेली होती.

माणशी खर्च सगळा मिळून साडेचार हजारांच्या आसपास आला, त्यात मिरी आणि केळ्याचे वेफर्स आले. जाणाऱ्यांनी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा साधावा, म्हणजे कापणी आणि कोळंबीची तयारी दोन्ही दिसते. शेतावर जाताना मालकाला विचारल्याशिवाय बांधावर चढू नये, आणि उघाडीच्या फळीला हात लावू नये. पायात चपलेऐवजी रबरी बूट असावेत. पावसाळ्यात जाणाऱ्यांना रोपांनी भरलेले उंचवटे पाहता येतील, पण त्या दिवसांत आपलीच लावणी असते.

घरी आल्यावर अण्णांनी अकराही खातेदारांना बोलावले. आठजण आले. डायरीतले पान फिरले. सहा जणांनी वर्गणी आणि आठवड्याचे दोन दिवस श्रम कबूल केले. दोघे विचार करून सांगतो म्हणाले. आलेच नाहीत ते तिघे विसार घेतलेले, आणि त्यांतल्या एकाचे शेत नेमके खांडाला लागून आहे. अण्णा रोज संध्याकाळी त्याच्या ओटीवर जाऊन बसतात. तो चहा देतो. अजून हो म्हणाला नाही. दरम्यान ओहोटीच्या वेळा पाहून खांडाच्या अलीकडच्या बाजूने चिखल टाकायला सहा जणांनी सुरुवात केली आहे. तालुक्याला येणारांनी बांधावर जरूर यावे, अण्णा तिथेच असतात.